मियॉक-गुक, सैंधव आणि बाळंतिणीचा डबा

पाकीट ५० ग्रॅमचं होतं. हातात घेतलं तर वाळलेल्या कढीपत्त्याइतकं हलकं, रंगाने काळं, वास ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांचा. एवढंसं काय पुरणार म्हणून मी अख्खं पाकीट पातेल्यात रिकामं केलं, वर पाणी ओतलं आणि मेथी निवडायला बसले. वीस मिनिटांनी उठून बघते तर झाकण तिरकं झालेलं आणि हिरवी, बुळबुळीत पानं कडेवरून ओट्यावर उतरायला लागलेली. पातेलं पुरेना म्हणून परात घेतली, परात पुरेना म्हणून माळ्यावरचं लग्नाकार्याचं तपेलं काढलं. माझा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आई, गिरगाव चौपाटी घरात आणलीस का?"

मी मुलुंडला राहते आणि गेली चौदा वर्षं बाळंतिणीचे डबे करते. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मुगाची डाळ घालून शेपू, लसणाची फोडणी दिलेलं मऊ वरण, शेवटी कागदाच्या पुडीत भाजकी बाळंतशोप. हे मला झोपेत उठवलं तरी येतं. समुद्रातलं शेवाळ मात्र आयुष्यात पहिल्यांदा हाताळत होते.

डबा पवईला जायचा होता. तिथे एक कोरियन मुलगी बाळंत झाली होती. तिची घरमालकीण माझी जुनी गिऱ्हाईक. मुलीची आई बुसानहून यायची होती, पण व्हिसा रखडला आणि बाळ मात्र पाच आठवडे आधीच आलं. "इमो, आई येईपर्यंत दहा दिवस सूप करून द्याल का?" तिने मोडक्या हिंदीत फोनवर विचारलं. इमो म्हणजे मावशी. कोरियात खानावळीतल्या बाईलाही इमोच म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच. मावशी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी तिच्या ड्रायव्हरने दोन पाकिटं आणून दिली. पहिल्याचं काय झालं ते वर सांगितलं. दुसऱ्याने जास्त घोटाळा केला.

हल्ली माझ्याकडे मराठी मुलीही हे सूप मागायला लागल्यात. कोरियन मालिका बघून बघून त्यांना बाळंतिणीच्या हातातला तो वाडगा पाठ झालाय. म्हणून मी जे चुकून शिकले, ते लिहून ठेवते.

सूपाला मियॉक-गुक म्हणतात. मियॉक ही समुद्री वनस्पती, गुक म्हणजे पातळ रस्सा. जपानी पाकिटावर हीच वाकामे नावाने मिळते. कोरियात बाळंतपण झालं की पहिलं जेवण हेच, आणि मग तीन सप्तकं, म्हणजे एकवीस दिवस, तिन्ही त्रिकाळ तेच. बरेच जण त्याहूनही जास्त दिवस देतात. आपला सव्वा महिना, त्यांचे तीन आठवडे. बाळंतिणीसाठी घ्यायचं मियॉक लांबच्या लांब, न मोडलेलं घेतात आणि त्याचा भाव करत नाहीत. आपण बारशाच्या कुंच्याला घासाघीस करत नाही, तसं. त्यांची सामशिन नावाची एक आजीदेवी आहे, मूल देणारी आणि ते राखणारी. तिच्यापुढे भात आणि हेच सूप मांडतात. आपण सहाव्या रात्री सटवाईसाठी पाट मांडून कोरा कागद आणि लेखणी ठेवतो, त्याची मला आठवण आली. वाढदिवसाला तिकडे केकच्या आधी मियॉक-गुक असतं, कारण आपल्या जन्माच्या दिवशी आईने ते खाल्लेलं. परीक्षेच्या दिवशी मात्र घरात करायचं नाही. पान बुळबुळीत, पोरगं घसरायचं. मियॉक-गुक खाल्लं म्हणजे नापास झाला, असा वाक्प्रचारच आहे त्यांच्याकडे.

आता दुसऱ्या पाकिटाचं सांगते. त्यात जाड, चामड्यासारख्या पट्ट्या होत्या, वर पांढरी भुकटी. मला वाटलं बुरशी. ओल्या फडक्याने पुसून घेतल्या. मग माझ्या डोक्याने काम केलं: हे जाड, म्हणजे जास्त पौष्टिक, म्हणजे मटणाच्या हाडांसारखं चांगलं चाळीस मिनिटं उकळावं. चार बोटं रुंद अशा तीन पट्ट्या टाकल्या आणि त्या पाण्यात मियॉक शिजवलं. असा डबा चार दिवस गेला.

आठवा दिवस उजाडायच्या आत बाळाच्या आजी बुसानहून आल्या. मी डबा घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी झाकण उघडलं, चमच्याने ढवळलं, तळातून पट्टीचा एक चिकट तुकडा वर काढला आणि माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. बोटांनी दहा दाखवले आणि तो तुकडा बाहेर फेकल्यासारखा हात केला. मुलीने सांगितलं, "आई म्हणतेय, दाशिमा दहा मिनिटं ठेवायचा आणि काढून टाकायचा." आजींचं म्हणणं चवीबद्दल होतं, जास्त उकळला की रस्सा कडवट आणि चिकट होतो. खरी गोष्ट कळली ती त्याच आठवड्यात, बाळाला तपासायला नेलं तेव्हा.

बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम मंदावलं की वाढणारं संप्रेरक, थोडं वर आलं होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा नव्हता. "आई काय खातेय?" मुलीने सूपाचं नाव सांगितल्यावर त्यांनी दुसरं विचारलं, "त्यात कुठलं सी-वीड? दिवसातून किती वेळा?" संध्याकाळी मुलीचा मला फोन आला. मी पट्ट्यांचं पाकीट समोर घेऊन बसले आणि मला हुडहुडी भरली.

दाशिमा म्हणजे केल्प, जपानी नाव कोंबू. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये साधारण २००० मायक्रोग्रॅम आयोडिन असतं, कधी जास्तही. मियॉकच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३० ते १५०. गिम, म्हणजे सुशीला गुंडाळतात तो कागद, ज्याला जपानीत नोरी म्हणतात, त्यात त्याहूनही कमी. तिन्ही एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकसारख्या काळ्या पाकिटांत. पाकिटावर आयोडिनचा आकडा बहुतेक वेळा छापलेलाच नसतो. म्हणून सी-वीड चांगलं की वाईट या वादात पडण्याआधी कुठलं ते बघायचं. नुसतं सी-वीड म्हणणं हे नुसतं डाळ म्हणण्यासारखं आहे.

गरज किती असते? मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मोठ्या माणसाला दिवसाला १५० पुरतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते, कारण तिच्या दुधातून बाळाची गरजही भागायची असते, आणि ती ९०च्या आसपास आहे. ५००च्या वर गेल्याने काही जास्तीचा फायदा नाही, असंही तीच संघटना म्हणते. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी वरची मर्यादा ११०० धरतात. आता माझा डबा बघा. दाशिमाची एक पट्टी चार-पाच ग्रॅमची. तशा तीन. त्यातलं आयोडिन पाण्यात सहज उतरतं आणि मी ते पाणी ओतून न देता त्याचाच रस्सा केला होता. हिशेब मांडायला मला नंतर धीर झाला नाही, तुम्हीच मांडा.

दाशिमा सोडून द्या, नुसत्या मियॉकनेही आकडा वर जातो. कोरियातल्या बाळंतिणींचं आयोडिन मोजलेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या दोन ते पाच दिवसांत त्या रोज सरासरी २७०० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडिन घेत होत्या, चार आठवड्यांनी सुमारे १३००. दुधातही तसंच, पहिल्या दिवसांत लिटरला २००० मायक्रोग्रॅमच्या वर. स्तनाच्या ऊतींना रक्तातलं आयोडिन ओढून दुधात घालायची सवयच असते. एरवी ती बाळाच्या फायद्याची. पण आईच्या ताटात पूर आला की तो बाळाच्या तोंडापर्यंत जातो.

जास्त आयोडिनने बिघडतं काय? गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडिनपासून संप्रेरक बनवते. कच्चा माल एकदम फार आला की ती शटर अर्धं ओढून घेते, उत्पादनच कमी करते. वुल्फ आणि चायकॉफ या दोघा शास्त्रज्ञांनी १९४८ साली उंदरांवर हे दाखवलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव पडलं. मोठ्या माणसाची ग्रंथी काही दिवसांत सावरते आणि शटर पुन्हा वर करते. कोरियातल्या लाखो आया पिढ्यान्‌पिढ्या हे सूप खाऊन ठणठणीत राहिल्या त्या यामुळेच. पण नवजात बाळाला, त्यातही दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला, हे सावरणं नीट जमत नाही. कोरियातल्याच डॉक्टरांनी कमी दिवसांच्या बाळांमध्ये, जास्त आयोडिनचं दूध आणि मंदावलेली थायरॉइड यांचा संबंध २००९ साली मांडला. तेव्हा ही कुणा परक्याने त्यांच्या परंपरेवर केलेली टीका नाही, त्यांच्याच घरातला हिशेब आहे.

पवईच्या बाळाचं पुढे काय झालं ते आधीच सांगते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. डॉक्टरांनी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं नाही. फक्त दाशिमा पूर्ण बंद आणि मियॉक दिवसाआड, तेही मोजून. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, आकडा जागेवर आला होता. आजींना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. त्या म्हणाल्या, मी चार मुलांच्या वेळी महिनाभर खाल्लं. माझ्या सासूबाईही शेगडीबद्दल अगदी असंच म्हणायच्या.

सूप करायचंच असेल तर

आधी काटा घ्या. स्वयंपाकाचा डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. माझ्याकडे तोपर्यंत सगळं वाटीने आणि चिमटीने चालायचं. एका माणसाला ३ ग्रॅम सुकं, कापलेलं मियॉक पुष्कळ झालं. पोहे खायच्या चमच्याने शिगोशीग एक चमचा. दिसायला काहीच नाही, पण भिजलं की दहा पटींच्या पुढे फुगतं. शंभर मायक्रोग्रॅम धरले तर ३ ग्रॅमचे ३०० झाले, म्हणजे एका वाटीतच दिवसाची गरज भागून वर उरलं. म्हणून मी मराठी बाळंतिणींना आठवड्यातून एकदाच देते. ऑस्ट्रेलियात गरोदर आणि पाजणाऱ्या आयांना तपकिरी जातीचं सी-वीड आठवड्यातून एका वेळेपेक्षा जास्त घेऊ नका असं सांगतात, मला ते धोरण सोयीचं वाटतं. मियॉक भिजल्यावर हिरवं दिसलं तरी जातीने ते तपकिरीच, दाशिमाही तपकिरी.

भरपूर पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि ते पाणी ओतून द्या. झाडांनाही नको, खारट असतं. मग कपड्याला साबण चोळतो तसं हाताने चोळून दोन-तीन पाण्यांतून काढा, फेस जाईपर्यंत. घट्ट पिळा आणि कात्रीने बोटभर तुकडे करा. रस्सा आपण पिणारच असतो, त्यामुळे शिजताना जे पाण्यात उतरतं ते पोटात जातंच. जे घालवायचं ते भिजवणीच्या पाण्यातच घालवायचं.

पातेल्यात चमचाभर तिळाचं तेल. त्यांचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, घमघमीत. आपलं घाण्याचं तेल त्या मानाने मुकं. मी चिमूटभर तीळ तव्यावर तडतडवून खलबत्त्यात कुटते आणि शेवटी घालते, काम होतं. तेलात लसूण ठेचून, मग चिकनचे छोटे तुकडे. तिकडे बीफ घालतात, समुद्रकाठी शिंपले घालतात. थंडीत ताज्या तिसऱ्या मिळाल्या तर मी त्या घालते, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्यांचा रस्साच जास्त छान लागतो, पण पावसाळ्यात बाळंतिणीला तिसऱ्या नकोतच. शाकाहारी डब्यात मशरूम. चिकनचा रंग बदलला की पिळलेलं मियॉक टाकून दोन-तीन मिनिटं परता, ते गडद हिरवं आणि चकचकीत होतं. मग दोन पेले गरम पाणी, मंद आचेवर अर्धा तास.

मीठ शेवटी. त्यांच्याकडे गुक-गांजांग नावाचा रश्शाचा खारट सोया सॉस असतो. नसेल तर आपला साधा सोया सॉस अर्धा चमचा, बाकी मीठ. कांद्याची पात घालत नाहीत, घातली तर आजी तोंड वाकडं करतात, मी करून बघितलंय. सोबत गरम, मऊ भात. दुसऱ्या दिवशी हे सूप जास्त मुरतं असं कोरियन लोक म्हणतात, आमच्या आमटीसारखं. पण बाळंतिणीला ताजंच द्या.

या रश्शात दाशिमाची पट्टी घालायची नाही. तयार रश्शाच्या पुड्या, क्यूब, पावडर घेताना घटकांच्या यादीत केल्प, कोंबू किंवा दाशिमा आहे का ते वाचा. त्याहून वाईट म्हणजे केल्पच्या गोळ्या. माझ्या डोंबिवलीच्या भाचीने बाळंतपणानंतर केस गळतात म्हणून ऑनलाइन मागवल्या होत्या, "नैसर्गिक थायरॉइड सपोर्ट" असं डबीवर लिहिलेलं. तिची थायरॉइडची गोळी आधीच चालू होती! मी तिला फोनवर इतकी बोलले की भावजी मध्ये पडले. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमच्या वर आयोडिन देणाऱ्या गोळ्या टाळायला सांगते, आणि केल्पच्या गोळीत नेमकं किती उतरेल याचा भरवसा नसतो.

आपल्या बाळंतिणीचं उलटं दुखणं

इथवर वाचून कुणी म्हणेल, चला, आपण शेवाळ खात नाही, सुटलो. नाही हो. माझ्या चौदा वर्षांत आयोडिन जास्त झालेली बाळंतीण ती एकच. कमी पडत असेल अशी शंका यावी अशी घरं मात्र मी दर महिन्याला बघते.

डबा सुरू करण्याआधी मी घरी जाऊन ओटा बघते. हल्ली दर दोन-तीन घरांमागे एका घरी साधं मीठ दिसतच नाही, गुलाबी मिठाची बरणी असते. विचारलं की सासूबाई सांगतात, "आम्ही आता सैंधवच वापरतो, शुद्ध असतं, थंड असतं." उपासाला सैंधव मीही वापरते, त्याला कोण नको म्हणतंय? पण पाकिटावर आयोडिनयुक्त असं लिहिलेलं नसेल तर त्यात आयोडिन नाही असंच धरून चालायचं. त्यात बाळंतिणीचं जेवण आधीच बेताच्या मिठाचं. खीर, लाडू, पेज यांत मीठ नसतंच. काही घरांत मासे बंद, अंडं बंद. मग आयोडिन येणार कुठून? दूध घेत असेल तर थोडं तिथून, आणि बाकी मिठातूनच.

आमच्याकडे दुसराही एक गैरसमज आहे. मुलुंड पूर्वेला मिठागरं आहेत. माझ्या सासूबाई लोणच्या-पापडाला तिथलं खडेमीठ पोत्याने आणायच्या आणि म्हणायच्या, समुद्राचं मीठ, त्यात सगळं असतं. सगळं असेल, आयोडिन नसतं, म्हणजे नसल्यात जमा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात मुळात ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि उन्हात पाणी आटताना त्यातलंही फारसं मागे उरत नाही. समुद्री वनस्पती मात्र तेच पाणी गाळून गाळून आयोडिन साठवत बसतात. एक ग्रॅम दाशिमात जेवढं असतं तेवढं गोळा करायला दोन-तीन कळशा समुद्र लागेल. समुद्र एकच, पण मिठागरात काही हाती लागत नाही आणि शेवाळात नको तेवढं लागतं.

म्हणून सरकारने मिठात बाहेरून आयोडिन घातलं. १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडिनचं मीठ दिलं, एका भागात साधं, आणि गलगंड कुठे कमी होतो ते वर्षानुवर्षं मोजलं. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज दुकानातून घरी येईपर्यंत मिठात किमान १५ पीपीएम आयोडिन उरलेलं असावं असा दंडक आहे, म्हणजे एका ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. बाळंतीण दिवसाला पाच-सहा ग्रॅम मीठ खात असेल तर ७५ ते ९०. लागतात २५०. तेव्हा मीठ वाढवा असं मी म्हणत नाही, रक्तदाबाचं काय करायचं मग? आहे ते मीठ आयोडिनचं असू द्या आणि जोडीला दूध, दही, अंडं, चालत असेल तर मासा. कोळी आणि मालवणी घरांत बाळंतिणीला मुडदुशीचं पातळ कालवण देतात, पचायला हलकं. मी सोमवार-गुरुवार सोडून घालते. डॉक्टरांनी बाळंतपणानंतरची व्हिटॅमिनची गोळी दिली असेल तर तिच्यावर आयोडिन आहे का तेही वाचा. असेल तर हिशेबात धरा.

मिठाच्या पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह शोधा. मुंबईच्या दमट हवेत पाकीट कापून तसंच ठेवू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, शेगडीपासून लांब. ओला चमचा घालू नका. आमच्या मदतनीस ताई सकाळी भाजीत घातलेला चमचा तसाच मिठात बुडवायच्या, ते सोडवायला मला वर्ष लागलं. वरणात-भाजीत मीठ उतरवायच्या आधी घाला, म्हणजे उकळीत थोडं कमी जातं. लोणच्याला खडेमीठ खुशाल वापरा.

डॉक्टरांकडे जाताना

बाळाची टाचेची तपासणी झाली का आणि त्यात टीएसएच होतं का, हे घरी जायच्या आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी ती जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत करतात. सी-वीड खात असाल तर कुणी न विचारता सांगा, पाकिटाचा फोटो दाखवा. आपल्याकडच्या डॉक्टरांना बाळंतशोप माहीत असते, दाशिमा माहीत असेलच असं नाही. सिझरच्या टाक्यांवर किंवा बाळाच्या बेंबीवर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावत असाल तर तेही सांगा. कमी दिवसांच्या बाळाच्या नाजूक कातडीतून ते आत जातं.

बाळ सारखं झोपूनच राहतंय, दूध ओढत नाही, शी कडक होतेय, कावीळ दोन-तीन आठवडे हटत नाही, रडणं घोगरं वाटतंय, तर वाट बघू नका. पण असं काहीही न दिसता टीएसएच वर असू शकतं, पवईच्या बाळाला काहीच दिसत नव्हतं. आईला आधीपासून थायरॉइड असेल, किंवा बाळंतपणानंतर काही महिन्यांनी छाती धडधडणं, कमालीचा थकवा, केसांचे पुंजके, उगाच रडू येणं असं सुरू झालं, तर ते झोप नाही म्हणून असं म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात थायरॉइड बिघडू शकते, साध्या रक्तचाचणीत कळतं. सी-वीड तेवढ्यापुरतं पूर्ण बंद ठेवा. अंगावरचं दूध मात्र स्वतःच्या मनाने तोडू नका.

गेल्या वर्षी पवईचं बाळ एक वर्षाचं झालं. सकाळी सातला मला निरोप आला, "इमो, आज मियॉक-गुक, जेवायला या." मी अळीवाचे लाडू घेऊन गेले. आजी पुन्हा बुसानहून आल्या होत्या, ओट्यापाशी उभ्या. शेजारी काटा होता, वर वाटी, आणि त्या एकेक पान उचलून ठेवत होत्या. आकडा ३वर आला तशा थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच आणखी एक पान टाकलं.